हरायला मागितलेलं खंडपीठ : न्यायाधीश वेटीज वेअरिंग आणि ब्रिग्ज विरुद्ध इलियट

17 नोव्हेंबर 1950. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातलं चार्ल्सटन शहर. मीटिंग स्ट्रीट आणि ब्रॉड स्ट्रीट जिथे एकमेकांना छेदतात त्या चौकातल्या संघीय न्यायालयात एका शाळेच्या दाव्याची सुनावणीपूर्व बैठक भरली होती. वादींच्या बाजूने थर्गूड मार्शल. हेच पुढे 1967 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. समोर सत्तरीतले न्यायाधीश ज्युलियस वेटीज वेअरिंग.

मार्शलना हाच न्यायाधीश हवा होता. वेअरिंग यांच्यापुढे त्यांचे अशील याआधी एकाहून जास्त वेळा जिंकले होते. हा दावा एकट्या वेअरिंगपुढे चालला असता तर तोही जिंकल्यातच जमा होता. आणि नेमकं त्याच न्यायाधीशाने त्यांना सांगितलं, हा दावा काढून घ्या, नवा लिहा, आणि तो असा लिहा की मला एकट्याला तो ऐकताच येणार नाही.

नवा दावा तीन न्यायाधीशांपुढे गेला आणि तिथे मार्शल दोन विरुद्ध एक हरले. ते हरणार हे वेअरिंगना बैठकीच्या दिवशीच कळत होतं. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त रस आहे तो याच गोष्टीत. न्यायाधीशाचं मोठेपण आपण त्याच्या निकालात शोधतो. इथे ते दाव्याच्या मांडणीत आहे, म्हणजे जिथे वर्तमानपत्रांचं लक्षही जात नाही अशा जागी.

दाव्याचं मूळ : एक बस

क्लॅरेंडन हा कापूस पिकवणारा जिल्हा, समर्टन हे त्यातलं लहानसं गाव. जिल्ह्यात गोऱ्या मुलांसाठी शाळेच्या 30 बसगाड्या होत्या, काळ्या मुलांसाठी एकही नव्हती. काही मुलं रोज मैलोन्मैल चालत. धरणामुळे मॅरियन तलावाचं पाणी रस्त्यावर चढलं की काही जण चक्क होडी वल्हवत शाळेत जात. 1949-50 या वर्षात एका गोऱ्या मुलामागे 179 डॉलर खर्च झाले, काळ्या मुलामागे 43. काळी मुलं होती 6,531 आणि त्यांच्या 61 शाळांच्या इमारतींची किंमत 1,94,575 डॉलर. गोरी मुलं 2,375, शाळा 12, किंमत 6,73,850 डॉलर.

जोसेफ डिलेन या पाद्री-शिक्षकाच्या सांगण्यावरून लेव्ही पिअर्सन या शेतकऱ्याने 1947 मध्ये फक्त एक बस मागितली. 1948 मध्ये त्याचा दावा फेटाळला गेला. कारण? त्याची शेती दोन शालेय विभागांच्या हद्दीवर होती आणि कर दुसऱ्या विभागात भरला जात होता. तालुक्याच्या कोर्टात हयात घालवलेल्या कोणालाही हे ऐकून नवल वाटणार नाही. सात-बारावरच्या एका नोंदीपायी बुडालेले दावे आपण कमी पाहिलेले नाहीत.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर 1949 मध्ये, डिलेन यांनी एका माणसाऐवजी कितीतरी पालकांच्या सह्या गोळा केल्या आणि बस, इमारती, शिक्षक असं सगळंच मागितलं. यादीत आद्याक्षराने पहिलं नाव हॅरी ब्रिग्ज यांचं आलं. ते नौदलातून परतलेले सैनिक, पेट्रोल पंपावर नोकरीला. शाळा मंडळाचा अध्यक्ष इलियट. मे 1950 मध्ये दावा दाखल झाला तो याच दोन नावांनी.

दोन डगरींवरचा दावा

त्या काळचा कायदा 1896 च्या प्लेसी निकालावर उभा होता. वेगळं ठेवा, पण समान ठेवा, मग घटनेचा भंग नाही. म्हणून कृष्णवर्णीयांचे वकील वर्षानुवर्षं ‘समान’ या शब्दावर भांडत आले होते. तुम्ही म्हणता समान आहे, तर दाखवा. शिक्षकांचे पगार, विद्यापीठातले प्रवेश, एकेक करून त्यांनी खिंडी लढवल्या होत्या. 1950 च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेक्सास आणि ओक्लाहोमातल्या उच्च शिक्षणाच्या दोन प्रकरणांत त्यांच्या बाजूने कौल दिला आणि आता थेट ‘वेगळं’ या शब्दावरच घाव घालायचा असं मार्शल यांच्या संघटनेने (कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी) ठरवलंही.

पण ठरवणं वेगळं आणि क्लॅरेंडनसारख्या कट्टर जिल्ह्यातून ते करणं वेगळं. घाव फसला तर प्लेसीवर सर्वोच्च न्यायालयाची ताजी मोहोर उमटणार आणि पुढची पंचवीस वर्षं वाया जाणार. म्हणून मेमधल्या दाव्याचा मजकूर दोन डगरींवर पाय ठेवणारा होता. विषमतेबद्दल भरपूर, गोऱ्या-काळ्यांच्या विभाजनाबद्दल आडून आडून.

वेअरिंगना हा आडपडदा मान्य नव्हता. विभाजन घटनाबाह्य आहे असं तुमचं म्हणणं असेल तर ते सरळ लिहा, असा त्यांचा रोख होता. जुना दावा नव्याने दाखल करण्याची मुभा ठेवून निकाली काढण्यात आला. (आपल्याकडचे वकील दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 23 खाली जे मागतात, साधारण तसंच.) डिसेंबरमध्ये नवा दावा आला. त्यात राज्याच्या घटनेतली आणि कायद्यातली, गोऱ्या-काळ्यांच्या शाळा वेगळ्या ठेवण्याची तरतूदच रद्द करण्याची मागणी होती.

आता यातली कळ पाहा. राज्याचा कायदा अमेरिकेच्या घटनेविरुद्ध आहे म्हणून त्याला मनाई मागितली, तर तेव्हाच्या संघीय कायद्यानुसार तो दावा एका न्यायाधीशाला ऐकता येत नसे. तीन जणांचं खास न्यायालय बसवावं लागे. आणि त्या न्यायालयाच्या निकालावरचं अपील मधली पायरी गाळून थेट वॉशिंग्टनला सर्वोच्च न्यायालयात जाई. एकट्या वेअरिंगनी ‘शाळा समान करा’ असा निकाल दिला असता तर समर्टनला दोन-चार नव्या इमारती आणि बहुधा बस मिळाली असती, आणि प्रश्न तिथेच मिटला असता. तीन न्यायाधीशांपुढे हरूनही प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या टेबलावर पोचणार होता.

हे सगळं वेअरिंग यांनी पुढे कोलंबिया विद्यापीठाने नोंदवून घेतलेल्या आपल्या मौखिक आठवणींत मोकळेपणाने सांगितलं आहे. लपवाछपवी नाही, उलट थोडा अभिमानच.

हा माणूस इथवर आला कसा

वेअरिंग 1880 मध्ये चार्ल्सटनला जन्मले. जुनं, प्रतिष्ठित घराणं. वडील यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले, आजोबा-पणजोबा गुलाम बाळगणारे. 1900 मध्ये चार्ल्सटन कॉलेजमधून पदवी, मग कायद्याच्या शाळेत न जाता वकिलाच्या हाताखाली अभ्यास आणि 1902 पासून वकिली. 1914 पासून काही वर्षं सहायक संघीय वकील, 1933 पासून शहराच्या पालिकेचे वकील. राजकारण पक्कं गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं. संघीय न्यायाधीशाचं नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात आणि सिनेट मंजूर करतं, पण खरी चावी त्या राज्याच्या सिनेटरांकडे असते. वेअरिंग यांच्या पाठीशी बर्नेट मेबँक आणि ‘कॉटन एड’ स्मिथ होते. स्मिथ म्हणजे गोऱ्यांच्या वर्चस्वाचा उघड पुरस्कर्ता. जानेवारी 1942 मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, वेअरिंग न्यायाधीश झाले तेव्हा हा गृहस्थ काही उलथापालथ करेल अशी शंका कुणालाही आली नसणार. आपल्यातलाच माणूस, शहाणा, जावयासारखा निर्धोक.

1945 मध्ये त्यांनी तीस वर्षांहून जुना संसार मोडला. राज्यात तेव्हा घटस्फोटाचा कायदाच नव्हता, तो फ्लोरिडात जाऊन घ्यावा लागला. लगेच एलिझाबेथ या उत्तरेकडच्या, दोनदा घटस्फोट झालेल्या बाईंशी लग्न. चार्ल्सटनच्या उच्चभ्रूंनी दार लावून घेतलं. नंतर त्यांनी दिलेल्या प्रत्येक निकालाचं खापर शहराने या बाईंवर फोडलं : बायकोने बिघडवला, आणि आम्ही वाळीत टाकलं म्हणून सूड उगवतोय. हे स्पष्टीकरण सोयीचं आहे, पण तारखा त्याला साथ देत नाहीत. चार्ल्सटनच्या काळ्या शिक्षकांना गोऱ्यांइतका पगार द्या हा आदेश 1944 च्या फेब्रुवारीतला, म्हणजे घटस्फोटाच्या वर्षभर आधीचा. तिथेही वेअरिंग यांचं म्हणणं साधं होतं. कायदा स्पष्ट आहे, वाद कशाचा घालता?

बदल झाला, पण तो एका खटल्याने. फेब्रुवारी 1946 मध्ये आयझॅक वुडर्ड हा कृष्णवर्णीय सार्जंट सैन्यातून मुक्त होऊन गणवेशातच बसने घरी निघाला होता. वाटेत ड्रायव्हरशी बाचाबाची झाली. बेट्सबर्ग गावात पोलिसप्रमुख लिनवुड शल याने त्याला उतरवून इतकं मारलं की दोन्ही डोळे कायमचे गेले. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्यापर्यंत हकीकत पोचल्यावर संघीय सरकारने शलवर खटला भरला. नोव्हेंबर 1946 मध्ये तो राज्याच्या राजधानीत, कोलंबिया शहरात, वेअरिंग यांच्यापुढे चालला. सरकारी वकिलांची तयारी नावापुरतीच होती. ज्युरी सगळी गोरी. निकाल पाच मिनिटांत येणार हे दिसत असल्याने वेअरिंग मुद्दाम बाहेर फेरफटका मारायला निघून गेले, म्हणजे न्यायाधीश नाही म्हणून तरी ज्युरीला थोडं थांबावं लागेल. तरी अर्ध्या तासाच्या आत ‘निर्दोष’ आला. एलिझाबेथबाई रडत कोर्टातून बाहेर पडल्या. त्यानंतर नवरा-बायको दोघांनी दक्षिणेतल्या वंशभेदावरची पुस्तकं वाचायला घेतली. साठी उलटल्यावर, आयुष्यभर ज्या गावात राहिलो त्या गावाबद्दल.

पुढचे निकाल मग भराभर आले. सर्वोच्च न्यायालयाने 1944 मध्ये टेक्सासची गोऱ्यांपुरती प्राथमिक निवडणूक (पक्षाचा उमेदवार ठरवणारी) रद्द केली, तेव्हा दक्षिण कॅरोलायनाने पळवाट म्हणून प्राथमिक निवडणुकीचे जवळपास दीडशे कायदे एका विशेष अधिवेशनात पुसून टाकले होते. आता पक्ष म्हणजे खासगी क्लब, क्लबात कुणाला घ्यायचं ते आमचं आम्ही ठरवू. 12 जुलै 1947 ला वेअरिंगनी ही पळवाट बुजवली. निकालात लिहिलं की दक्षिण कॅरोलायनाने आता पुन्हा संघराज्यात सामील व्हायची वेळ आली आहे. यादवी युद्ध 1865 ला संपलं होतं. टोमणा कुणाला लागायचा राहिला नाही. पक्षाने मग मतदारांकडून वंशविभाजनाला पाठिंब्याची शपथ मागितली. 1948 मध्ये तीही उडवली, आणि आदेश मोडणाऱ्याला तुरुंगात पाठवीन अशी तंबी दिली. त्या ऑगस्टमध्ये सुमारे 35,000 कृष्णवर्णीयांनी प्राथमिक निवडणुकीत मतदान केलं.

आपल्या कोर्टात त्यांनी बसण्याच्या जागांमधला रंगभेद बंद केला आणि काळा बेलिफ नेमला. घरी काळे पाहुणे जेवायला येऊ लागले. गोऱ्या चार्ल्सटनमध्ये हे निकालांपेक्षाही जड गेलं. 1950 मध्ये एलिझाबेथबाईंनी एका भाषणात दक्षिणेतल्या गोऱ्यांना रोगट आणि ऱ्हास पावलेले लोक म्हटलं. धमक्यांचे फोन, अंगणात जळता क्रूस (गोऱ्या वर्चस्ववाद्यांची धमकीची खूण), महाभियोगासाठी सह्यांची मोहीम. राज्याच्या प्रतिनिधिगृहाने या जोडप्याला राज्याबाहेरचं एकेरी तिकीट काढून देण्याचा ठराव केला. 9 ऑक्टोबर 1950 च्या रात्री दोघं घरी पत्ते खेळत असताना खिडकीतून दगड आले. मार्शलबरोबरची ती बैठक यानंतर सव्वा महिन्याने झाली.

हे न्यायाधीशाला शोभतं का?

उत्तर सरळ नाही. सुनावणीपूर्व बैठकीत वादाचे मुद्दे नीट मांडायला सांगणं हे न्यायाधीशाचं कामच आहे, आणि संदिग्ध दावा स्पष्ट करायला लावण्यात गैर काही नाही. पण वेअरिंगना मजकुराची स्पष्टता एवढंच हवं नव्हतं. त्यांना विशिष्ट प्रश्न, विशिष्ट मार्गाने, विशिष्ट न्यायालयापुढे न्यायचा होता आणि आपलं मत त्यांनी आधीच ठरवलं होतं. प्रतिवादीच्या वकिलाच्या जागी मी असतो तर खटला दुसरीकडे वर्ग करण्याचा अर्ज दुसऱ्या दिवशी तयार ठेवला असता.

तरीही एक गोष्ट त्यांच्या बाजूने बोलते. पक्षपाती न्यायाधीश सत्ता आपल्या हातात ओढून घेतो. यांनी हातातली सत्ता दोघांत वाटून टाकली, आणि तेही आपल्याविरुद्ध जाणाऱ्या दोघांत. त्यांचे सहन्यायाधीश जॉर्ज बेल टिमरमन यांचे चिरंजीव त्या वेळी राज्याचे उपराज्यपाल होते. तिसरे अपील न्यायालयाचे प्रमुख जॉन पार्कर, अत्यंत विद्वान आणि सावध. 1930 मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी त्यांचं नाव आलं होतं, ते सिनेटमध्ये 41 विरुद्ध 39 असं पडलं. पूर्वनिर्णयाबाहेर पाऊल टाकणाऱ्यांतले ते नव्हते.

दोन दिवसांची सुनावणी, एक भिन्नमत

28 मे 1951. पहाटेपासून क्लॅरेंडनचे शेतकरी, मजूर, बायका कोर्टाबाहेर रांगेत. सुनावणी सुरू होताच प्रतिवादींचे वकील रॉबर्ट फिग उभे राहिले आणि म्हणाले, शाळा समान नाहीत हे आम्हाला मान्य आहे. राज्यपाल बर्न्स यांनी नव्या विक्रीकराच्या जोरावर शाळाबांधणीची मोठी योजना आणली आहे, आम्हाला वेळ द्या.

चाल उत्तम होती. विषमता कबूल केली की ती सिद्ध करायला आलेले साक्षीदार निरुपयोगी. सहा महिन्यांपूर्वीचा जुना दावा असता तर प्रकरण त्या क्षणी आटोपलं असतं. नव्या दाव्यात मात्र विभाजनाचा प्रश्न शिल्लक होता, म्हणून मार्शलना साक्षीपुरावा चालू ठेवता आला. त्यात मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांनी समर्टनच्या 16 मुलांना गोरी आणि सावळी बाहुली दाखवून केलेली चाचणी होती. दहा मुलांना गोरी बाहुली छान वाटली, अकरा जणांना सावळी वाईट. शास्त्र म्हणून सोळा मुलांवरून फार काही म्हणता येत नाही, आणि तेव्हाही अनेकांनी नाकं मुरडली. पण नोंदीवर ते आलं.

23 जूनला निकाल लागला. पार्कर आणि टिमरमन : शाळा लवकरात लवकर समान करा, विभाजन वैध. वेअरिंग यांचं भिन्नमत वीसेक पानांचं आणि रागाने लिहिलेलं. त्यात ते म्हणतात, काही इमारती, वर्गातले फळे, दिवे, संडास कमी आहेत एवढं कबूल करून थोड्या पैशांत एवढा मोठा प्रश्न बाजूला सारता येत असेल, तर या माणसांना दाद मागायला जागाच उरली नाही. शेवटाकडे ते वाक्य येतं, विभाजन हीच मुळात विषमता. कायदेपंडितांना या लेखनात काटेकोरपणा कमी आणि भाषण जास्त दिसतं. खरंच आहे ते. पण ते शेजारी बसलेल्या दोघांसाठी लिहिलेलंच नव्हतं.

अपील थेट गेलं. कॅन्सस राज्यातल्या प्रसिद्ध ब्राउन प्रकरणाच्या आधी सर्वोच्च न्यायालयात पोचलेलं हेच प्रकरण. जानेवारी 1952 मध्ये ते शाळाबांधणीच्या नव्या अहवालासाठी परत पाठवलं गेलं, मग फिरून आलं आणि तोवर इतर राज्यांतली प्रकरणं सोबतीला जमली. एकत्रित सुनावणीला नाव पडलं ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ, टोपेका. 17 मे 1954 च्या एकमुखी निकालात, वेगळ्या शाळा मुळातच असमान असतात, असं वाक्य आहे. वेअरिंग यांच्या शब्दांच्या इतकं जवळ की पुन्हा मागे जाऊन ताडून पाहावंसं वाटतं.

तीन न्यायाधीशांच्या कोर्टाकडे प्रकरण परतलं तेव्हा पार्कर यांनी 1955 मध्ये या निकालाचा अर्थ लावला : घटना एकत्र शिकवायला सांगत नाही, ती फक्त भेदभाव करायला मनाई करते. या एका वाक्याच्या आडोशाला दक्षिणेतल्या शाळा मंडळांनी पुढची अनेक वर्षं काढली. वेअरिंग तेव्हा बाकावर नव्हते.

किंमत कुणी मोजली

अमेरिकेच्या घटनेप्रमाणे संघीय न्यायाधीशाची नेमणूक वर्तणूक चांगली असेतोवर, म्हणजे बहुधा तहहयात असते, आणि पदावर असताना त्याचा पगार कमी करता येत नाही. सत्तरीनंतर आणि दहा वर्षांच्या सेवेनंतर पूर्ण पगारावर बाजूला होता येतं. वेअरिंग यांची दहा वर्षं 1952 च्या सुरुवातीला भरली आणि फेब्रुवारीतच ते निवृत्त होऊन एलिझाबेथसह न्यूयॉर्कला गेले. यात पळपुटेपणा पाहणारे तेव्हाही होते. आणखी काही वर्षं थांबले असते तर 1954 चा निकाल क्लॅरेंडनमध्ये लागू करायला पार्करच्या शेजारी ते असते, ही हळहळ मलाही वाटते. पण खिडकीतून दगड आले ते माझ्या घरात नव्हे.

11 जानेवारी 1968 ला ते न्यूयॉर्कमध्ये वारले. दफन चार्ल्सटनलाच, मॅग्नोलिया स्मशानभूमीत. निरोपाला सुमारे दोनशे काळी माणसं होती, गोरी डझनभर. 2015 मध्ये त्या चौकातल्या न्यायालय संकुलाला त्यांचं नाव दिलं गेलं. त्यासाठी आधीचं, स्वतःचं नाव काढायला माजी सिनेटर हॉलिंग्ज यांनीच सुचवलं होतं.

समर्टनच्या वादींना घटनेचं असं कवच नव्हतं. हॅरी ब्रिग्ज यांची पंपावरची नोकरी सही केल्यानंतर नाताळच्या तोंडावर गेली, बायको एलायझा मोटेलमध्ये साफसफाई करत, त्यांचीही गेली. पुढे हॅरी यांना कामासाठी फ्लोरिडा गाठावं लागलं. लेव्ही पिअर्सनला पीक कापायला कुणी यंत्र देईना. डिलेन यांचं घर ऑक्टोबर 1951 मध्ये जळालं. अग्निशामक दलाची माणसं आली आणि हद्दीबाहेर आहे म्हणून बघत उभी राहिली. पुन्हा हद्द. 1955 मध्ये त्यांचं चर्च जाळलं गेलं. घरावर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा त्यांनी उलट गोळ्या झाडल्या आणि रातोरात राज्य सोडलं. त्यांच्यावर अटकेचं वॉरंट निघालं. ते 1974 मध्ये वारले. वॉरंट रद्द झालं 2000 मध्ये.